तिचा डावा की माझा?

भीतीचा अभ्यास करणाऱ्या बाईनं स्वतः भित्रं असू नये, असा नियम कुठेही लिहिलेला नाही. मी शोधलाय. नोकरीवर रुजू होताना संस्थेची नियमावली मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती, कारण न वाचता सही करायची मला भीती वाटते.

मला लिफ्टची भीती वाटते. गॅस बंद केलाय का, याची वाटते. मुलगी रडायला लागली की वाटते आणि रडायची थांबली की जास्त वाटते. आणि माझा विषय काय, तर बाळाचं रडणं कानावर पडलं की आईच्या मेंदूत भीती नेमकी कुठे जागी होते. नवरा म्हणतो, "एवढा अभ्यास कशाला? तुलाच त्या स्कॅनच्या मशीनमध्ये घाला आणि बाहेर भुंगा रडवा. सगळं डोकंच पेटलेलं दिसेल."

भुंगा म्हणजे आमची मुलगी. खेळताना अखंड गुणगुणत असते म्हणून भुंगा. ही गुणगुण म्हणजे माझ्या संसाराची नाडी आहे. गुणगुण चालू असेल तोवर मी काम करू शकते. ती थांबली की माझी बोटं हवेतच थांबतात.

पण मशीनमध्ये मी कोणालाच घालत नाही. लोकांचा इथेच गैरसमज होतो. मेंदूची छायाचित्रं घेणारे लोक वेगळे. त्यांनी केलेले अभ्यास गोळा करायचे आणि त्या सगळ्यांतून मिळून काय निघतं ते बघायचं, हे माझं काम. अभ्यासांचा अभ्यास.

"म्हणजे स्वयंपाक दुसऱ्यांनी करायचा आणि तू नुसती चव घ्यायची?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"पुष्कळ घरांची चव घ्यायची, काकू. आणि मग सांगायचं की मीठ नक्की कुठे जास्त पडतंय."

"अगंबाई, हे तर मी फुकट करते," काकू म्हणाल्या.

मला लागलं ते. पण काकू पाठीमागून बोलत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

तर काम असं. प्रत्येक शोधनिबंधात मेंदूतल्या जागा तीन-तीन आकड्यांनी सांगितलेल्या असतात. किती डावी-उजवीकडे, किती पुढे-मागे, किती वर-खाली. हे आकडे डेटाबेसमध्ये भरायचे. मग सॉफ्टवेअर प्रत्येक जागेवर कापसाच्या बोळ्यासारखा एकेक धूसर गोळा ठेवतं. वेगवेगळ्या अभ्यासांचे बोळे एकाच ठिकाणी साचले की तिथं ढग दिसतो. ढग दिसला की समजायचं, इथं काहीतरी आहे. इतकं सोपं. कठीण काय असेल तर ते आकडे भरायला निवांत बसायला मिळणं.

माझी नेमणूक तात्पुरती. बाळंतपणाच्या रजेनंतर "बघू या" या तत्त्वावर मिळालेली. पुढं चालू ठेवायची की नाही, हे आमच्या विभागप्रमुख बाई, म्हणजे मोठ्या बाई, एका बैठकीत ठरवणार होत्या. बैठकीत मी माझा ढग दाखवायचा. ढग आवडला तर मी राहणार. नाही आवडला तर माझी जागा खिडकीशेजारच्या त्या उंच मुलाला, ज्याला मूलबाळ नाही आणि जो दुपारी जेवतसुद्धा नाही. मी घरी बसले तर पुन्हा उठायची नाही, हे मला ठाऊक होतं. मी स्वतःला ओळखते. रोज एक नवं कारण सापडेल मला घाबरायला.

म्हणून भुंगा झोपली की मी बसायची. ती चमचा वाजवत बसली की बसायची. भाजी शिजतेय तेवढ्यात एक निबंध, कपडे भिजताहेत तेवढ्यात दुसरा. पण भुंगा जागी झाली की थेट माझ्या टेबलाशी, आणि लॅपटॉपवर तिचं प्रेम फार. एकदा तिनं एका निबंधातली भीती मेंदूच्या बाहेर हातभर लांब नेऊन ठेवली. सॉफ्टवेअरनं विनम्रपणे सांगितलं की ही जागा कवटीच्या आत नाही. मला मात्र ते अगदीच चूक वाटलं नाही. माझी भीती साधारण तिथंच असते, माझ्यापासून हातभर अंतरावर, गुणगुणत.

"खोलीला आतून कडी लाव आणि बस," वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर म्हणाले. निवृत्त झाल्यापासून अख्ख्या इमारतीचे ते हेडमास्तर आहेत. "एकाग्रतेला बंद दार लागतं."

आमच्या झोपायच्या खोलीला कडी नव्हती. घरमालकाला विचारलं तर त्यानं लेखी अर्ज मागितला, त्यावर कडीची जागा दाखवणारा नकाशा मागितला आणि दोन्ही मिळाल्यावर "तोंडी चाललं असतं" असं कळवलं. मग नवरा एका सुट्टीला ड्रिल घेऊन उभा राहिला. दाराच्या वरच्या भागात लाकूड पोकळ निघालं, मध्यावर गाठ निघाली. भोकं पाडत पाडत कडी खाली येत गेली आणि शेवटी माझ्या कमरेच्याही खाली बसली.

"खालीच बरी," नवरा कपाळ पुसत म्हणाला. "तुला बसल्या जागेवरून हात पोचेल."

मला पोचेल. आणखी कोणाला पोचेल, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मेंदूवर काम करणारी घरात एकच आहे, आणि तिनंसुद्धा "छान" म्हटलं.

एक अडचण तरीही उरली. जुन्या निबंधांत आकडेच नसत, नुसती चित्रं. मेंदूचा काप आणि त्यावर रंगीत ठिपका. तो ठिपका कुठे आहे ते बघून आकडे काढायचे. अशी चित्रांची चळतच्या चळत माझ्याकडे पडून होती आणि बैठक अंगावर आलेली. तेव्हा धावून आल्या ताई.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. दवाखान्यात स्कॅन वाचणारी डॉक्टर. त्यांचा आवाज असा, की पेशंट त्यांच्यासमोर श्वास सोडायलासुद्धा परवानगी मागतात. मीही मागते.

"इकडे आण ती चित्रं," ताई म्हणाल्या. "मी दिवसभर हेच बघते. तू आकड्यांचे निबंध भर, चित्रांचे मी भरते. आणि जरा जेवत जा. ओढणी टांगायच्या खुंटीसारखी दिसायला लागलीयेस."

ताईंनी डेटाबेसमध्ये स्वतःच्या नावानं खातं उघडलं आणि झपाट्यानं सगळं भरून टाकलं. मी ते तपासणार होते. पण ताईंनी केलेलं काम तपासायचं म्हणजे सासूबाईंच्या फोडणीत पुन्हा मोहरी घालण्यासारखं. माझी हिंमत झाली नाही.

सगळं एकत्र करून सॉफ्टवेअर चालवलं आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर दोन ढग होते. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन कान असावेत तसे तंतोतंत समोरासमोर. बाकीच्यांना आजवर एकाच बाजूला काही ना काही दिसलं होतं. मला दोन्हीकडे. मोठ्या बाईंना कळवलं तर त्यांचं उत्तर आलं, "वा! हे नवीन आहे." त्यांच्या शब्दकोशात "वा" आहे, हेच विभागात कोणाला माहीत नव्हतं.

मी आनंदानं काकूंना सांगितलं. काकूंनी ते जिन्यात सांगितलं. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या सगळ्या आया दोन्ही कानशिलं दाबून बघत होत्या.

बैठकीचा दिवस उजाडला. ताई भुंगाला सांभाळायला सकाळीच येऊन बसल्या होत्या. मी साडी नेसून, कागद पिशवीत भरून तयार. लॅपटॉप तेवढा खोलीत चार्जिंगला लावलेला. भुंगाही बूट घालून तयार, कारण ताई तिला बागेत नेणार होत्या.

या बुटांबद्दल सांगायला हवं. भुंगा नेहमी उलटे बूट घालायची. म्हणून मी डाव्या बुटावर एका बेडकाचा स्टिकर लावला आणि आंघोळीच्या वेळी तिला शिकवलं, हा बेडकाचा पाय, हा बेडकाचा हात, हा बेडकाचा कान. डावा-उजवा तिला कळत नाही, पण बेडकाची बाजू पक्की कळते. रोज पाणी ओतताना तीच मला ओरडून सांगते, "आता बेडकाचा कान!"

मी चपला शोधत होते. ताई पाणी पीत होत्या. आणि गुणगुण थांबली.

मग ऐकू आलं, खट्‌.

हा आवाज मी ओळखला. कारण आजवर तो नेहमी मीच केला होता.

"भुंगा?" मी दारापाशी गेले. दार ढकललं. दार बंद. "भुंगा, दार उघड राणी."

आतून काही नाही. मग खुर्चीच्या चाकांचा आवाज. घर्रर्र.

त्या खोलीला मोठी खिडकी आहे, आणि तिला गज नाहीत. गजांसाठी घरमालकाकडे अर्ज केलेला आहे. आमचा मजला तिसरा. आणि खिडकी मी स्वतः सकाळी उघडली होती, भुंगाला वारा लागावा म्हणून. खुर्ची चाकांची.

ताईंनी दारावर खांदा लावला. दार हललंसुद्धा नाही. नवऱ्यानं जन्मात एकच वस्तू पक्की बसवली होती, ती ही.

काकू धावत आल्या. "ओरडू नकोस, लेकरू घाबरेल!" असं त्या इतक्या जोरात ओरडल्या की वरून हेडमास्तर खाली आले. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि अग्निशमन दलाला फोन लावला.

"हो, आतून बंद आहे... नाही, आत अडकलेली व्यक्ती फोनवर येऊ शकत नाही... कारण ती अजून शाळेतसुद्धा जात नाही!... वय? अहो, वयच सांगतोय की मी मघापासून!" मग फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "गाडी निघतेय. पण त्यांना इमारतीचं नोंदणीकृत नाव हवंय."

"काकू, खाली उभ्या राहा खिडकीखाली," मी म्हणाले.

"राहते. पण मी झेलणार कशी गं?" काकू रडवेल्या झाल्या आणि जिन्यावरून पळाल्या. त्यांच्या हातात आमच्या सोफ्याची गादी होती. ती त्यांनी केव्हा उचलली, हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

मी खाली बसले. दाराला गाल लावला. "भुंगा, काय करतेस?"

"काम," आतून आवाज आला.

"खिडकीपाशी आहेस का?"

"काम करते. आईचं."

लॅपटॉप टेबलावर. टेबल खिडकीला लागून.

"इकडे ये ना, दारापाशी. आई इथंच आहे. आईला तुझा आवाज ऐकायचाय."

चाकं वाजली. मग धप्‌. मग पावलं. लहान, बुटांची, दाराकडे येणारी. दाराच्या पलीकडे, माझ्या गालाच्या उंचीवर, तिचा श्वास वाजला. ती इतकी जवळ होती आणि मध्ये बोटभर जाडीचं लाकूड.

"ती कडी सरकव बाळा. उजवीकडे," मी म्हणाले.

नवरा ताईंच्या फोनवर होता, स्पीकरवर. "डावीकडे!" तो ओरडला. "मी बसवलीय, मला माहितीय. डावीकडे सरकते!"

"अहो, मी रोज उघडते. समोर बघतेय मी. चौकट डावीकडे आहे, म्हणजे उघडताना कडी उजवीकडेच जाणार!"

"डावीकडे!"

"उजवीकडे," हेडमास्तर बोटानं हवेत दार काढत म्हणाले. "नाही, थांबा. वर्गात मुलांकडे तोंड करून कवायत घेताना..."

"अरे, कोणाचा उजवा?" ताई गरजल्या. "ती आत आहे, तिचं तोंड आपल्याकडे आहे. तिचा डावा हात आपल्या उजव्या हाताला येतो. समोरच्याची बाजू धरायची असते! आम्ही स्कॅन नेहमी तसाच बघतो. पेशंट समोर झोपलाय, त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला."

मी दाराला गाल लावून बसले होते. माझी मुलगी उघड्या खिडकीच्या खोलीत कोंडली होती. देवाशपथ सांगते, जगात दुसरं काही नव्हतं तेव्हा. तरी माझ्या मेंदूच्या कुठल्यातरी निर्लज्ज कोपऱ्यात एक दिवा लागला.

"ताई," मी म्हणाले, "ती चित्रंसुद्धा तुम्ही तशीच वाचलीत?"

"कुठली चित्रं?"

"निबंधातली."

"मग आणखी कशी वाचणार?"

आमच्या संशोधनात मेंदू मागून बघतात. आपण त्याच्या पाठीशी उभे आहोत असं धरून. डावा तो डावा. डॉक्टर पेशंटकडे समोरून बघतात, आम्ही पाठीमागून. माझ्या निबंधांतल्या भीती एका बाजूला पडल्या होत्या आणि ताईंच्या, त्याच भीती, आरशातल्यासारख्या दुसऱ्या बाजूला. दोन ढग. "वा." सगळ्या इमारतीची दोन-दोन कानशिलं.

"आई," आतून आवाज आला. रडवेला. "आई, ये."

दिवा विझला. "आलेच राणी. आपण गंमत करू. ती चकचकीत कडी धर. धरलीस? आता बुटावरचा बेडूक बघ. बेडकाकडे ओढ."

आत धातू घासला. "जात नाही," भुंगा म्हणाली.

"जोर लाव."

"जात नाही!" आणि ती रडायला लागली. माझ्या मुलीचं रडणं. ज्यावर मी अभ्यासामागून अभ्यास वाचले होते. एकातही लिहिलेलं नव्हतं की ते तळपायाला ऐकू येतं.

"ताई," मी म्हणाले, "आज तिला बूट कोणी घातले?"

ताईंचा आवाज एकदम खाली आला. असा मी तो पहिल्यांदाच ऐकला. "तिनेच घातले. मी म्हटलं, शाबास."

स्कॅनच्या मशीनमध्ये माणसाच्या कानशिलावर एका बाजूला औषधाची गोळी चिकटवतात, म्हणजे चित्रात ठिपका येतो आणि बाजू चुकत नाही. पण गोळीच उलट्या बाजूला चिकटवली तर? बूट बदलता येतात. म्हणजे न बदलणारं काहीतरी हवं.

"भुंगा, रडू नकोस. बूट वेडे आहेत. आंघोळ आठव. आई पाणी ओततेय. पहिला हा कान, आता कुठला?"

हुंदका. मग, "बेडकाचा."

"शाबास गं माझी! हात लाव त्याला. लावलास? आता कडी धर आणि बेडकाच्या कानाकडे ओढ."

खट्‌.

दार माझ्या अंगावर आलं नाही, मीच दारावर पडले. भुंगा उभी होती. एका हातानं कान धरलेला, नाक वाहतंय, बूट उलटे. बेडूक उजव्या पायावर मजेत बसलेला. मी तिला इतकी घट्ट धरली की ती म्हणाली, "आई, दुखतं." तरी मी थोडा वेळ सोडलं नाही. ताईंनी जाऊन खिडकी लावली, आणि लावून झाल्यावर तिथंच खुर्चीत बसल्या.

खालून काकूंची हाक आली, "मी अजून उभी राहू का?"

बैठकीला मी उशिरा पोचले. कडेवर भुंगा, मागं ताई. लॅपटॉप उघडला तर भुंगानं सादरीकरणाच्या पहिल्या पानावर अक्षरांची लांबच लांब रांग टाईप केलेली. तिचं काम. मी ते पुसलं नाही. दोन ढगांचं चित्र लावलं, आणि मोठ्या बाईंनी चष्मा पुसायला घेतला तेव्हा म्हणाले, "हे चुकीचं आहे."

खोलीत असा सन्नाटा पसरला, की मला गुणगुण ऐकू आली.

"चित्रं मी भरली," ताई मागून म्हणाल्या. "चूक माझी."

"तपासली नाहीत मी. चूक माझी," मी म्हणाले.

"अगं, मी समोरून बघितलं!"

"ताई, मला सांगायला हवं होतं ना!"

"तुम्ही दोघी बाहेर जाऊन ठरवता का?" मोठ्या बाई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा चढवून चित्राकडे पाहिलं. "हे बैठकीच्या आधी कळलं. छापून झाल्यावर नाही. ते कसं कळलं?"

मी सांगितलं. कडी, खिडकी, चाकांची खुर्ची, बेडूक. मोठ्या बाईंनाही दोन मुलं आहेत, मोठी, दूरदेशी. त्यांनी नुसतं भुंगाच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बूट अजून उलटे आहेत."

मुदतवाढ मिळाली. सगळ्या नोंदी सुलट होईपर्यंत. त्यातही मेख अशी, की डेटाबेसचा नियम आहे: ज्यानं नोंद केली, त्याच्याच खात्यातून दुरुस्ती. म्हणून हल्ली दुपारी ताई येतात, मी पाठीमागून बघते, त्या समोरून बघतात, आणि एकेका ठिपक्यावर आम्ही भांडतो. दुसरा ढग विरत चाललाय. तपासताना माझ्याही काही नोंदी गळताहेत, त्यामुळं पहिलाही पूर्वीइतका मोठा दिसत नाही. भीती नक्की कुठे आहे, ते अजून सांगता येत नाही. पण नोकरी आहे.

कडी नवऱ्यानं त्याच संध्याकाळी काढली. दाराला आता नुसती भोकं आहेत, खालपासून वरपर्यंत. दार सताड उघडं असतं, आणि मला उघड्या दाराची भीती वाटते. खिडकीला गज आले. गजांत डोकं अडकेल, याचीही वाटते.

भुंगा आता माझ्या मांडीत बसूनच काम करते. मांडीत बसली की तिची पाठ माझ्या पोटाला, तिचा डावा तो माझा डावा, भांडणच नाही. काल मात्र ती मध्येच वळली, समोरून माझ्याकडे बघितलं, बुटावरचा बेडूक सोलून काढला आणि माझ्या कानाला चिकटवला.

"आईचा बेडकाचा कान," ती म्हणाली. "आई आता हरवणार नाही."

चिकटवला होता उजव्या कानाला. चूक होती. तपासली मी. आणि तशीच राहू दिली.